निळ्या बादलीचं सांबारं

"ह्येच्यात शेवंती खंय आसा?"

बाबांनी माझे चारही फुलस्केप कागद पुढून वाचले, मागून बघितले आणि चष्मा काढून मला हा प्रश्न विचारला. शेवंती म्हणजे माझी आई. मी बोट ठेवून दाखवलं. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात, खाली रेघ मारून मी लिहिलं होतं: पाककृती – कै. सौ. शेवंती दत्ताराम परब.

"नाव दिसता माका. ती खंय आसा ता इचारतंय."

एवढं बोलून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला राग आला. दोन संध्याकाळी मान मोडून लिहिलेलं होतं ते, आणि अक्षराबद्दल शाळेत मला नेहमी शाबासकी मिळालेली. पण माझे बाबा पंपदुरुस्तीवाले. पंप चालत असला तरी त्याच्या आवाजात खोट काढतील असा माणूस.

झालं होतं असं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या महिला मंडळाला दहा वर्षं होत होती आणि मंडळ स्मरणिका काढणार होतं. चिटणीस नलिनीताई स्वतः घरी आल्या. शाळेत शिकवत असल्यामुळे त्या कुठेही गेल्या तरी पन्नास मुलं समोर बसल्यासारख्या बोलत.

"काका, तुम्ही सहा वर्षं बहारीनला होतात. आमच्याकडे गुळाच्या पोळ्या चौदा जणींनी दिल्यात. तुम्ही जरा फॉरेनचं काहीतरी द्या ना! परदेशातलं खाणं, आठवणी आणि कृती, असं."

बाबांनी चहा संपवला, कपाटातून एक जाड वही काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. वहीच्या कव्हरावर तेलाचे डाग होते आणि आत पहिलंच पान काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं.

"अहो, हे तर आपलं मालवणी!" नलिनीताई म्हणाल्या.

"तिकडे सहा वर्षं मी हेच खाल्लं," बाबा म्हणाले. "म्हणजे हे तिकडचंच."

नलिनीताईंनी वहीची दोन-चार पानं उलटली. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. पण जरा सुटसुटीत करून द्या. अनुपमा, तू बघ हं. रविवार संध्याकाळपर्यंत." बाबांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि तिथे फक्त एक गोष्ट विचारली, "नाव तिचं येईल ना? माझं नको." त्यांचं सगळं लक्ष त्या एका गोष्टीवर होतं. आईचं नाव आयुष्यात एकदाच छापलं गेलं होतं, ते लग्नपत्रिकेत.

आता ही वही काय आहे ते सांगायला हवं.

बाबा अठ्ठ्याहत्तर साली बहारीनला गेले. तिथे पाण्याच्या पंपांवर काम आणि एका खोलीत सहा माणसं. घरी त्यांनी कधी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतला नव्हता. मेसमधलं जेवण महिनाभर खाल्ल्यावर त्यांनी आईला कळवलं, जेवण कसं करायचं ते सांग. आईचं लिहिणं चौथीपर्यंतचं, त्यामुळे ती टेपरेकॉर्डरवर बोलायची. सुट्टीवर आलेल्या कुणाबरोबर तरी कॅसेट जायची. बाबा ती ऐकायचे, तिच्यावरच आपला निरोप भरायचे आणि तीच कॅसेट परत यायची. मग आई बाबांच्या आवाजावर बोलायची. अशा दोनच कॅसेटा सहा वर्षं जात-येत राहिल्या. नवी कशाला आणायची, आहे ती चालतेय की, असा दोघांचाही हिशेब. आवाज ही काही जपून ठेवायची वस्तू आहे हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पण कॅसेट पुसली तर कृती जाईल, एवढं मात्र बाबांना कळत होतं. म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते टेप लावायचे, बटण दाबून थांबवायचे, वहीत लिहायचे, पुन्हा बटण दाबायचे. आणि बाबांना गाळणं माहीत नाही. आई जे बोलली ते सगळं त्यांनी लिहिलं, तिच्याच बोलीत. शेजारची बाई आली तर तेही लिहिलं. जे शब्द नव्हते ते कंसात: (कुकरची शिटी. दुसरी.) (नळाला पाणी आले.) (कोण शिंकले ते कळले नाही.) पंप दुरुस्त करणाऱ्याच्या कानांतून कुठला आवाज सुटत नाही. समासात लाल शाईने त्यांची स्वतःची टिपणं होती: 'वाटाणे नाहीत, काळे चणे घेतले.' 'ओले खोबरे नाही, डब्यातला कीस.' माशाच्या कढीच्या पानावर, 'कोकम संपले. येथील वाळके काळे लिंबू टाकले. कुंडलिक म्हणतो झकास. मी म्हणतो बरे.'

कुंडलिककाका म्हणजे खोलीतले वेल्डर, साताऱ्याकडचे. बाबा कढईपुढे उभे राहायचे आणि कुंडलिककाका वही मोठ्याने वाचायचे. ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. चपला काढता काढता त्यांनी आईला विचारलं, "वैनी, ती बादली घावली का वो शेवटी?" आई लाजून आत पळाली. बहारीनमध्ये सहा माणसं आमच्या निळ्या बादलीची काळजी करत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

आई चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये काविळीने गेली. बाबा पोचले तो दहावा दिवस होता. दोन्ही कॅसेटा घरात होत्या. मी त्या लावून बघितल्या, शेवटपर्यंत, दोन्ही बाजूंनी. चारही बाजूंना बाबाच बोलत होते, "तब्येत सांभाळ, अनूक अभ्यास करूक सांग."

बाबा मग परत गेले नाहीत. भांडुपला एका पंपाच्या वर्कशॉपमध्ये लागले आणि घरचा स्वयंपाक त्यांनी हातात घेतला. वर्कशॉपला जाण्याआधी ते ओट्यापुढे उभे राहत तेव्हा त्यांचे ओठ सारखे हलत असायचे. मला वाटायचं जप करतात. देवाची आठवण यायचं वयच झालंय, म्हटलं, करू देत.

तर गॅलरीतून बाबा आत आले आणि म्हणाले, "उद्या रविवार. तुझो कागद चालवन बघूया."

"चालवून म्हणजे?"

"पंपाबरोबर कागद येता ना, कसो जोडूचो, कसो चालवचो, त्याप्रमाणा करून बघतत. तसाच. तू वाच. मी करतंय. माका काय येणा नाय असा समज."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता प्रयोग सुरू झाला. वाटाणे रात्रीच भिजत घातले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसले, मांडीवर कागद घेऊन. बाबांनी पंचा खांद्यावर टाकला आणि हुकूम यायची वाट बघत उभे राहिले.

"दोन वाट्या वाटाणे मीठ घालून कुकरमध्ये शिजवावेत."

"किती शिटये?"

मी कागद बघितला. शिट्ट्या कंसात होत्या. कंस मी गाळले होते.

"बाबा, तुम्हाला माहीत आहे."

"माका माहीत नाय. मी नलिनीबायची वाचणारीण आसंय."

शेवटी पाच शिट्ट्या मी तोंडी सांगितल्या. मग दोन मोठे कांदे उभे चिरून तेलावर लाल होईपर्यंत परतावेत, असं वाचलं. बाबांनी कांदा टाकला, कालथा फिरवला, जरा वेळाने विचारलं, "झालो लाल?"

"मी इथून कशी बघू?"

"मगे कधी काढू ता कागदात खंय लिवला आसा?"

"लाल होईपर्यंत, असं लिहिलंय की."

"लाल म्हणजे केवढो लाल?" ते कालथा फिरवत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आम्ही दोघंही हट्टी, हे आईचं लाडकं वाक्य होतं. कांदा लाल झाला, तपकिरी झाला, मग त्याचा वास बदलला. तरी बाबा जागचे हलेनात. कागदात नाही ना, मग नाही.

"जळलो," ते शेवटी म्हणाले, अगदी शांतपणे, आणि गॅस बंद केला. "तुझो कागद नापास."

मला हसूही आलं आणि रडूही. बाबांनी कढई घासली, नवे दोन कांदे चिरले, आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. "आता ही वाच. तिना सांगल्यान तशी. काय एक सोडू नको."

मी वाचायला लागले.

"आता कांदो घालतंय. तेल जरा जास्तच पडला, पडांदे. तर काय सांगी होतंय, आपली निळी बादली गेली. गच्चीर ठेवलंय, सांजची बघतंय तर नाय. तळमजल्यावरच्या कमलकडे तसलीच बादली दिसता. मी इचारलंय, तर म्हणता माझ्या भावान दिल्यान. भाव खंयचो? तिका भाव आसा? चार बहिणी आसत. मी तिच्या लग्नाक गेल्लंय, माका सांगता! मगे मी काय केलंय, बादली उलटी करून बघलंय. आपल्या बादलेच्या बुडाक डाग आसा, डांबराचो. तर ता बूड तिना घासून घासून पांढरा केल्यान! (येथे शेवंती हसते.) हां, आता बघ. कांदो लाल झालो."

मी मान वर केली. कांदा लाल झाला होता. केवढा, तर बरोबर तेवढा. आणि बाबांचे ओठ हलत होते. माझ्याबरोबर, शब्दाला शब्द. इतकी वर्षं ज्याला मी जप समजत होते तो हा होता. आमची बादली, कमलचा नसलेला भाऊ आणि डांबराचा डाग.

गप्पा म्हणून जे मी काढून टाकलं होतं ते आईचं घड्याळ होतं. तिच्याकडे मनगटावर कधी घड्याळ नव्हतंच. खोबरं किती भाजायचं, मसाला किती परतायचा, हे ती बोलण्यावर मोजायची. बहारीनच्या खोलीत सहा माणसं त्या बोलण्यावर जेवली. आणि मी, तिची शिकलेली मुलगी, ते सुटसुटीत करायला बसले होते.

पुढे स्मरणिकेत ते सगळं तसंच छापून आलं, शिंकेसकट, आईच्या नावावर. नलिनीताईंनी फक्त कमलचं नाव बदलून 'एक शेजारीण' केलं. सोसायटीतल्या बायकांनी त्या दिवाळीत निळ्या बादलीचं सांबारं म्हणूनच ते केलं, आणि करताना कोण किती हसलं ते मला येऊन सांगितलं. पण त्या रविवारी हे काही ठाऊक नव्हतं, आणि माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. पुढचं पान जवळ येत होतं.

खरं सांगायचं तर सुटसुटीतपणा हे निमित्त होतं. कंस मी गाळले ते एका कंसापायी. वही उतरवताना तो मला दिसला होता, आणि एकटा तेवढाच गाळला असता तर बाबांनी लगेच धरलं असतं. म्हणून मी सगळेच गाळले.

बाबांनी कांद्यावर किसलेलं खोबरं टाकलं, दोन हात फिरवले, आणि बाजूच्या परातीत वड्यांचं पीठ मळायला घेतलं. आईही असंच करायची. एकीकडे वाटपाचा मसाला, एकीकडे वडे. गरम पाणी घालून ते पीठ रगडत होते, पाठ माझ्याकडे होती. पुढची ओळ त्यांना पाठ होती. तरी ते वळले नाहीत. खोबऱ्याचा खरपूस वास सुटायला लागला.

"वाच गो," ते म्हणाले.

मी वाचलं. "अनू, गॅस बारीक कर गो. खोबरा करपतला. माझे हात पिठात आसत."

आईने ती कॅसेट भरली त्या दिवशी मी तेरा वर्षांची होते. बाहेरच्या खोलीत बसून बहुधा काही वाचत असेन. मला ती हाक आठवत नाही, हेच मला सहन होत नव्हतं. आईच्या अशा किती हाका गेल्या असतील, ज्या कुणी वहीत लिहिल्या नाहीत. ही एक लिहिली गेली, आणि तिच्यापुढे बाबांच्या ठसठशीत अक्षरात कंस होता: (अनू उठत नाही.) त्याच्याखाली आईचं: "रवांदे. मीच करतंय."

बाबांच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. कढईतून बारीक धूर निघाला.

मी वही पाटावर ठेवली, उठले आणि गॅस बारीक केला. मग कालथा घेऊन तिथेच उभी राहिले. बाबांनी ओट्यापुढे जरा सरकून मला जागा केली.

खोबरं करपलं नाही.