कार्डावरचा रक्तगट

सुकन्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प मिळाला तो असा: कॉलेजातल्या दोनशे पोरापोरींच्या कानाच्या पाळ्या बघायच्या, जिभेची पुंगळी होते का ते तपासायचं आणि प्रत्येकाचा नि त्याच्या आईबापांचा रक्तगट लिहायचा. मिरजगावातली पोरं कुणी जीभ काढ म्हणायची वाटच बघत होती. दोन आठवडे नुसता दंगा चालला होता.

नमुना म्हणून पहिली ओळ तिनं स्वतःच्या घरची लिहिली. आईवडील ऊसतोडीला गेलेले. पण त्यांची कारखान्यावरच्या आरोग्य शिबिरात मिळालेली कार्डं घरच्या पत्र्याच्या पेटीत होती. दोघांचाही रक्तगट ओ. तिचा स्वतःचा मात्र बी, आणि तो तर तिनं प्रयोगशाळेत आपल्या हातानं तपासलेला.

ओ आणि ओ यांच्या पोटी बी येत नाही. हे ती ज्युनिअरच्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवायची. आज तिनं घरची ओळ खोडून टाकली. चिकटलेल्या पाळ्या आईच्या, उजव्या गालावरची खळी आईची, रंगही आईचाच. मग वडिलांचं, अण्णांचं, तिच्यात काय होतं? आरशासमोर उभं राहून तिनं खूप शोधलं, आणि शोधताना तिला स्वतःचीच लाज वाटली. पण शोधणं काही थांबलं नाही. आईचा फोन आला की ती 'अभ्यास हाय' म्हणून ठेवून द्यायची.

तीन महिन्यांनी प्रकल्प बघणाऱ्या आमोस सरांनी तक्ता पाहिला. "तुझ्या घरची ओळ का खोडलीस?"

सुकन्या रडायलाच लागली. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कार्ड बघितलंस. रक्त बघितलंस का?"

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला, आईवडील घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुकन्यानं सरांकडून आणलेल्या, रक्तगट तपासायच्या औषधांच्या बाटल्या ओट्यावर मांडल्या. आईनं, पुष्पावतीनं, न विचारताच बोट पुढं केलं. "तुज्या कालेजाचं काम हाय ना? टोच."

आईचं रक्त दोन्ही औषधांत तसंच राहिलं. ओ. मग भिमाजीअण्णांचा थेंब. बी गट ओळखायच्या पिवळ्या औषधात तो दूध नासावं तसा फुटला, गुठळ्या गुठळ्या झाल्या. बी.

"आण्णा, तुमच्या कार्डावर तं ओ हाय!"

अण्णा खो खो हसले. "आगं, माजं रगात घेतलंच कुनी? शिबिराच्या दिशी मी ट्रकात मोळ्या भरत हुतो. मुकादमानं आख्ख्या टोळीची कार्डं एकदमच लिहून आनली. तुज्या आईच्या कार्डावर ओ, म्हनून माज्या कार्डावर पन ओच. नवराबायकूचं एकच आसतं म्हनला."

सुकन्यानं धावत जाऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले. तीन महिन्यांचं ओझं उतरलं होतं. "जुळलं, आई! जुळलं!"

"काय जुळलं?" पुष्पावतीनं विचारलं.

"आगं, दोघं ओ आसतील तं पोराचं रगात बी गटाचं येत न्हाई. म्हंजी..." बोलता बोलता सुकन्या थांबली. पण आई शाळेत गेली नसली तरी एवढं तिला कळत होतं.

"कवापासनं हे डोक्यात हुतं?"

"संक्रांतीपासनं," सुकन्या हळूच म्हणाली.

"तरीच फोन ठिवून द्यायचीस." पुष्पावतीनं बोटावरचं रक्त पदराला पुसलं. "ह्या मानसानं वीस वर्सांत मला यकदा इचारलं न्हाई. मी तिकडं तुज्या फीसाठी कोयता चालवत हुते, अन् तू हितं बसून माजी झडती घेत हुतीस."

"आई, चुकलं माजं. पन आता जुळलंय ना!"

पुष्पावती लेकीकडं बघत राहिली.

"अन् जुळलं नसतं तर?" तिनं विचारलं.

अण्णांचं हसू थांबलं. सुकन्या ओट्यावरच्या बाटल्या गोळा करू लागली.