नकाशातून सुटलेले धागे

थोरलीनं नऊ वर्षं मान मोडून एकच काम केलं होतं. स्कॅन बघून मेंदूच्या वायरिंगचा नकाशा काढायचा. कुठला भाग कुठल्या भागाला जोडलाय, किती धाग्यांनी. तीन वर्षांपूर्वी धाकटी बहीण त्याच प्रयोगशाळेत लागली आणि म्हणाली, "ताई, रस्ते तेच, पण त्यांवरची संदेशांची वर्दळ क्षणाक्षणाला बदलते ना? तुझ्या नकाशावरून मी ती वर्दळ गणितानं ओळखून दाखवते."

झालं! तेव्हापासून प्रयोगशाळेच्या सरांच्या तोंडी धाकटीचाच जप. सगळे तिच्या स्क्रीनभोवती गोळा होऊन उजळणारे, विझणारे रंग बघत बसायचे. नकाशाला कोण विचारतंय? थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा.

मग धाकटीचं गाडं अडलं. खऱ्या मेंदूत डावी-उजवी बाजू बरोबरीनं उजळायची. तिच्या गणितात मात्र दोन्ही बाजूंची तोंडं दोन दिशांना.

थोरलीला कारण पाच मिनिटांत सापडलं. दोन्ही बाजूंना जोडणारे कितीतरी धागे दाट गुंत्यातून जाताना तिच्याच नकाशातून सुटले होते. सांगावं तर आपली चूक चव्हाट्यावर, आणि टाळ्या पुन्हा धाकटीलाच! तिनं फाइल मिटली. अकरा दिवस ब्र काढला नाही. धाकटीचा उतरलेला चेहरा बघून तिला बरं वाटायचं, आणि मग जेवताना घास उतरायचा नाही.

बाराव्या दिवशी धाकटी शेजारी येऊन बसली. डोळे सुजलेले.

"सर म्हणाले, नकाशाच चुकला असेल. मी भांडले त्यांच्याशी. ताईचा नकाशा चुकणं शक्यच नाही म्हटलं. आता सगळं गणित पहिल्यापासून करते."

"नको करूस," थोरली म्हणाली. "नकाशाच चुकलाय. मला अकरा दिवसांपासून माहितीये."

"अकरा दिवस? आणि तू गप्प बसलीस?"

"जळत होते गं तुझ्यावर."

धाकटी ताडकन उठून गेली.

थोरलीनं नकाशा दुरुस्त करून दिला. आठवड्याभरात गणित जुळलं. भर बैठकीत टाळ्या पडल्या त्या धाकटीला. थोरलीनंही वाजवल्या, पण पोटातली आग काही विझली नव्हती.

संध्याकाळी धाकटी तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "घरी सोड मला. पण गाडीत एक शब्द बोलायचा नाही."

थोरलीनं मुकाट्यानं किल्ली उचलली.