वाळवणासोबत घरात गेलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुना, वीतभर मांजरपाटाचा तुकडा आहे. विमानाच्या पंखांवर काय चढवायचं, हे माझ्यावरून ठरलं. खोटं वाटेल, पण आमच्या पेडगावात खरंच एक विमान तयार झालं होतं.

सिद्धोधन सर आयटीआयमधून निवृत्त झाले आणि स्वतःच्या हातांनी एका माणसापुरतं विमान बांधायला लागले. पंखांचा सांगाडा लाकडी होता. त्यावर प्लायवुड, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा की कापड? परीक्षा घेतल्याशिवाय सर कुणालाच पास करत नसत. रोगण लावून तिघांचेही नमुने त्यांनी गच्चीवरच्या तारेला टांगले. उन्हापावसात कोण टिकतं ते बघायचं होतं, म्हणून वर्षभर त्यांना हलवायचं नव्हतं.

पण त्याच गच्चीवर सरांच्या पत्नी बबिताताईंचं वाळवण असे. कुरडया उलटायला आल्या की त्या मला सोडवत. "लय चांगलं कापड हाय, उगं कशाला करपवायचं?" म्हणत आत नेत आणि ऊन उतरलं की परत अडकवत. वर्षअखेर प्लायवुड फुगलं, पत्रा टिकला, पण वजनाला जड भरला. मी मात्र नवाकोरा! सरांनी मला भिंतीवर ठोकून खाली लिहिलं, 'वर्षभर उन्हात. पास.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कापडाला तोंड कुठे असतं?

माझ्याच ताग्यातलं कापड पंखांवर चढलं. मग परवानगीची वाट बघत विमान गावातल्या लिंबाजीभाऊंच्या माळावर दोन उन्हाळे उभं राहिलं. उड्डाणाच्या सकाळी सरांनी मला शकुन म्हणून खिशात घेतलं. बबिताताई त्या दिवशी पहिल्यांदाच माळावर आल्या.

"अगं बाई! पंख असेच उन्हात व्हते? मी तर त्या तुकड्याला रोज दुपारी आत घ्यायची."

सर हेल्मेट बांधत होते. त्यांनी पंखावर अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला. बबिताताईंनी तोंडाला पदर लावला.

"तू मायेनंच केलंस," सर म्हणाले, "तुला सांगायचं माझ्याकडूनच राहिलं."

नव्याने पंख मढवण्याइतकं बळ आता सरांच्या हातांत उरलेलं नाही. विमान माळावरच आहे. सर वाचले, हे मी रोज स्वतःला सांगतो, तरी मन काही निवत नाही. मित्रांनो, कुणाचीही परीक्षा घ्याल तेव्हा घरातल्यांना सांगून घ्या. आमच्यासारख्या मुक्यांना खरं सांगता येत नाही हो.

त्याच संध्याकाळी सरांनी मला पुन्हा तारेला अडकवलं. बबिताताई अजूनही दुपारी कुरडया उलटायला येतात. माझ्याकडे हात नेतात आणि मागे घेतात. मी विरत चाललो आहे.