नगराधिपतीला काय हवं होतं

इतवारीतल्या आपल्या गल्लीत अकलेचा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, अशी आनंदराव मास्तरांची खात्री होती. तरी त्यांची सगळी धडपड चालली होती ती याच बिनअकली गल्लीनं आपली कादंबरी ऐकावी म्हणून. कादंबरी दोन हजार वीस सालातल्या नागपूरची होती, म्हणजे अजून चाळीस वर्षांनी उगवणाऱ्या शहराची. तिथं मोठ्यानं बोलायला बंदी, लग्नात बँड नाही, फेरीवाला ओरडला की थेट तुरुंग. आणि या सगळ्यावर राज्य करणारा दुष्ट नगराधिपती.

नगराधिपती कोण हे कळायला डोकं लागत नव्हतं. कडक पांढरी टोपी, चांदीचा पानडबा, बोलण्याआधी तीनदा खाकरणं. गल्लीच्या तोंडाशी कापडाचं ठोक दुकान असलेले महादेवराव वैरागडे हुबेहूब उतरले होते. गल्लीतल्या हातगाड्या हटवा म्हणून हा माणूस दोन वर्षं सगळ्यांच्या मागे लागला होता. त्यातली एक गाडी बांगड्यांची होती आणि ती मास्तरांच्या थोरल्या बहिणीची, कांताबाईची. त्या गाडीवर तिनं भावाला शिकवलं, मास्तर केलं. कोपऱ्यावरची ती जागा गेली तर तिच्या हातात काही उरणार नव्हतं. मास्तरांनी शाई खर्च केली ती त्या जागेसाठी, असं ते स्वतःला सांगत.

पुण्याच्या प्रकाशकानं मात्र नाक मुरडलं. खलनायक उगाच कसा वाईट वागेल, त्याला काही हेतू द्या, काही ध्येय द्या, असं त्याचं म्हणणं पडलं. पुण्याहून आलेलं म्हणणं, मास्तर ते डोक्यावर घेऊन नाचले. त्यांनी एक नवं प्रकरण लिहिलं. लहानपणी नगराधिपतीची आई तापानं फणफणलेली. ती पाणी मागते, पण खाली बाजाराचा एवढा गलका, की ओसरीवर बसलेल्या पोराला तिची हाक ऐकूच येत नाही. आई तहानलेलीच जाते. तेव्हापासून त्याचं एकच ध्येय, आजारी माणसाची हाक ऐकू येईल असं शांत शहर. लिहिता लिहिता मास्तर स्वतःच रडले आणि आपण रडलो याचं त्यांना फार कौतुक वाटलं.

मग त्यांनी वाचन ठेवलं, आणि तेही महादेवरावांच्याच दुकानाच्या ओट्यावर. सगळ्यांसमोर त्या माणसाला घाम फुटलेला त्यांना पाहायचा होता. महादेवरावांनी सतरंजी दिली, चहा दिला. टोपीचं वर्णन आलं तशी गल्ली एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. मास्तरांनी विजयी मुद्रेनं पान उलटलं आणि आईचं प्रकरण वाचलं. वाचून होताच महादेवराव तीनदा खाकरले आणि त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही माह्या मनातलं लिहून टाकलं गा."

आठ दिवसांनी गल्ली सुधार समितीची सभा भरली. महादेवरावांनी मास्तरांना हार घातला, खुर्चीवर बसवलं आणि तीच गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली. माय पाणी मागत होती आणि मले ऐकू आलं नाही, असं म्हणत त्यांनी पुन्हा उपरणं डोळ्याला लावलं. शंका कोण घेणार? टोपी त्यांची, पानडबा त्यांचा, खाकरणं त्यांचं, मग आई तेवढी दुसऱ्याची कशी असेल? मास्तरांनी साम्य इतकं पक्कं जमवलं होतं, की गल्लीनं दुःखही त्याच हिशेबात धरलं. मास्तरांना उठून सांगता आलं असतं की हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे. पण गळ्यात हार होता आणि झेंडूचा वास बरा येत होता. ते बसून राहिले. हातगाड्या हटवायच्या का म्हणून विचारलं तेव्हा डोळ्याला पदर लावून कांताबाईनंही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी मागच्या बोळात गेली, जिथं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. कोपरा मोकळा झाला. शांतता मात्र आली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी भोंगा वाजवत एक ट्रक आत शिरला आणि महादेवरावांच्या दारात उभा राहिला. कापडाचे गठ्ठे उतरण्याआधी ड्रायव्हरशेजारून एक ठणठणीत म्हातारी उतरली. ती महादेवरावांची आई होती, काटोलला धाकट्या मुलाकडे राहणारी आणि गल्लीनं आजवर न पाहिलेली. मोटार आता दारात येते असं महाद्यानं सांगितलं म्हणून आली, इतवारीत पायी चालणं होत नाही, असं तिनं ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकवलं.

कांताबाई तडक मास्तरांकडे आली.

"आनंद्या, थ्याले फकत ट्रक दारात पायजे होता," ती म्हणाली. "हे सांगाची थ्याले लाज वाटत होती, म्हणून दोन वर्षं कोणी आयकलं नाही. तू थ्याले कारण देल्लं."

मास्तर खलनायकाच्या मनाच्या खोलीबद्दल बोलू लागले, तोवर ती गाडीकडे निघूनही गेली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बडग्या निघतो. वर्षभर ज्यानं पिडलं त्याचा बांबू-कागदाचा पुतळा, गळ्यात पाटी, गल्लीभर मिरवणूक आणि शेवटी जाळणं. पुतळा गल्लीतला बांबूकाम करणारा लहानू करायचा आणि पाटी मास्तर लिहायचे, हा कित्येक वर्षांचा शिरस्ता. यंदा पुतळ्याला पांढरी टोपी होती. मास्तर बारा ओळींचा मजकूर घेऊन आले, त्यात 'मानवी अंतःकरण' दोनदा होतं. कांताबाईनं कागद घडी करून कमरेला खोचला आणि त्यांच्या हातात ब्रश दिला. मास्तरांनी लिहिलं, "याले ट्रक दारात पायजे होता."

मिरवणूक दुकानासमोर आली. ढोल, ताशे, शिट्ट्या, आरडाओरडा, शेजारचा माणूस काय बोलतो ते कळेना. महादेवराव पार पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला तोंड पाडून उभे होते. इकडे ओट्यावर म्हातारीला ठसका लागला.

"महाद्या, पाणी दे रे," ती म्हणाली, आणि तेही एकदाच.

महादेवरावांनी झटकन मान वळवली. गर्दीतून वाट काढत ते धावत आले, आतून लोटा आणला आणि आईच्या ओठाला लावला. ढोल थांबला. सगळी गल्ली त्या लोट्याकडे बघत होती. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. महादेवरावांना काय झालं ते समजलं तेव्हा लोटा रिकामा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईनं गाडी जुन्या कोपऱ्यावर आणली. महादेवराव आतच बसून राहिले, कोणी हटकलं नाही. तिनं भावाला चाकाखाली दगड लावायला सांगितलं, आणि मास्तर निमूट वाकले. कादंबरीचं त्यांना कोणी विचारलं नाही.