तोरबोर्ग सुट्टीवर आहे, कृपया वल्हे टेकवू नका

मित्रांनो, शेवटी आम्ही जिंकलो. तोरबोर्गचा वल्ह्यांचा कारखाना वाचला, रंधे आपापल्या खिळ्यांवर राहिले, आणि ओल्सुंदा नगरपालिकेने माझ्यापुढे सपशेल हार मानली.

आता वरचा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाही असे समजा. आत्मवृत्तात शेवट आधी सांगायचा नसतो, हे मला उशिरा कळले. तेव्हा अजून काहीही झालेले नाही. कोणीही जिंकलेले नाही. जून महिना आहे आणि परिस्थिती वाईट आहे.

मी एक जुना सुट्टीचा निरोप आहे. तुम्ही कोणाला ईमेल पाठवता, तो माणूस गावाला गेलेला असतो, आणि क्षणात उत्तर येते की साहेब सुट्टीवर आहेत. ते उत्तर म्हणजे मी. मला पाहून आनंद झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक मला उघडतात, सुस्कारा टाकतात आणि बंद करतात. पण मी तक्रार करत नाही. तक्रार लिहिण्याची जागा माझ्यात नाही.

माझा जन्म स्वीडनमध्ये, ओल्सुंदा तळ्याच्या काठी, तोरबोर्ग नीक्विस्टच्या कारखान्यात झाला. तोरबोर्ग स्प्रूसच्या लाकडाची वल्ही हाताने तासते. तिचा धाकटा भाऊ सिक्स्टेन त्यांना तेल देतो, चामडे शिवतो आणि मते मांडतो. माझा पहिला अवतार एका शब्दाचा होता: "सुट्टीवर." त्यात कोण, कधीपर्यंत, का, काही नव्हते. त्या एका शब्दावर मी कित्येक जुलै काढले.

आमच्याकडे जुलैमध्ये देश बंद असतो. सगळे तळ्याकाठच्या लाकडी घरात जातात, नवे बटाटे उकडतात, डास मारतात आणि ऑगस्टमध्ये परत येतात. त्या महिन्यात आमच्यासारखे निरोपच काय तो देश चालवतात.

पण त्या वर्षी जूनमध्येच कारखान्यात कोणी हसत नव्हते. प्लास्टिकची वल्ही स्वस्त झाली होती. गोथेनबर्गहून एक सद्गृहस्थ आले, त्यांनी भिंती हाताने चाचपल्या आणि ही जागा विकत घेऊन इथे मौन केंद्र काढायचे असल्याचे सांगितले. उत्तर सुट्टीनंतर द्या म्हणाले.

"म्हणजे लोक पैसे देऊन इथं गप्प बसणार?" सिक्स्टेनने ते गेल्यावर विचारले.

"हो."

"आपण इतकी वर्षं फुकट बसलो."

तोरबोर्ग हसली नाही. तिने हातातले वल्हे डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिले, आणि ते सरळ असूनही बराच वेळ पाहत राहिली. ऑगस्टपर्यंत एखादे मोठे काम आले नाही तर जागा विकायची, असे दोघांनी ठरवले. मोठे काम देऊ शकेल असे एकच गिऱ्हाईक होते: नगरपालिका. तळ्यांवर लोकांसाठी ठेवलेल्या सगळ्या नावा तिच्या. सिक्स्टेनने वसंतातच तिला पत्र पाठवले होते. उत्तर आले नव्हते.

त्याच जूनमध्ये तोरबोर्ग ग्रंथालयातल्या संध्याकाळच्या वर्गाला गेली. विषय होता, छोट्या धंदेवाल्यांसाठी वेबसाइट आणि संगणक. शिकवणारी वेंदेला गावच्या वर्तमानपत्राची एकुलती एक बातमीदार होती. उरलेल्या वेळात ती शिकवायची, आणि तिला उरलेला वेळ भरपूर होता, कारण ओल्सुंदात काही घडत नसे.

"तुझ्या वेबसाइटवर फोन नंबर कुठाय?" वेंदेलाने विचारले.

"कशाला? सगळ्यांना माहितीये."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

तोरबोर्गने विचार केला. "शेजारच्या बर्तिलला."

"आणि हे समुद्राचं, माडांचं चित्र?"

"ते आधीपासूनच होतं. चांगलं वाटलं."

वेंदेलाने माड काढले आणि खऱ्या वल्ह्यांचे फोटो घालायला लावले. पानाच्या माथ्यावर 'मुख्यपान' असे लिहिले होते, ते खोडायला लावले. "अगं, शोधणारा माणूस मुख्यपान शोधत नाही. तो वल्हं शोधतो. मग वल्हं लिही, लाकडाचं लिही, ओल्सुंदाचं लिही." फोन आला, पत्ता आला, उघडण्याच्या वेळा आल्या. वेबसाइट माझी दूरची बहीण लागते. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा अंघोळ केल्यासारखी दिसली.

मग वेंदेलाची नजर माझ्यावर पडली.

"'सुट्टीवर.' हा निरोप आहे की धमकी?"

"खरं तेच लिहिलंय."

"हे बघ, जाहिरात आली की लोक तोंड फिरवतात. पण हे उत्तर माणूस स्वतः लिहून मागवतो. फुकटची जागा आहे ही. परत कधी येणार ते घाल, तोवर कोणाला विचारायचं ते घाल, खाली वेबसाइटचा पत्ता टाक. आणि एखादी उपयोगाची गोष्ट सांग, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ अगदीच वाया जात नाही."

तोरबोर्गने मला पुन्हा लिहिले. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. मी असा झालो:

"नमस्कार. आम्ही ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी परत येऊ. तोवर इथे कोणी नाही, आणि असेही कोणी नसते. तुमचे वल्हे भिंतीला टेकवून ठेवू नका, ते वाकते. सावलीत आडवे ठेवा. वर्षातून एकदा जवसाचे तेल द्या." खाली वेबसाइटचा पत्ता होता.

वेंदेलाने एक शेवटची गोष्ट बजावली होती. माझ्या खाली एक चौकट असते, 'एका व्यक्तीला एकदाच उत्तर द्या'. तिच्यात खूण करायची. तोरबोर्गने केली. घरी आल्यावर सिक्स्टेनने ती पाहिली.

"हे काय? माणसानं दुसऱ्यांदा विचारलं तर आपण तोंड वळवायचं?"

"तसं नाही रे, तसा नियम आहे."

"आईनं काय शिकवलंय? हाक मारली की ओ द्यायची. दहादा मारली तर दहादा."

आणि त्याने खूण काढली. मग जुलै लागला आणि दोघे भाऊबहीण तळ्याकाठच्या लाकडी घरी निघून गेले.

आता पाहा काय झाले. नगरपालिकेत टपाल नोंदवणारी इंगेगेर्ड त्याच दुपारी सुट्टीवर निघाली होती. जाता जाता तिने आमचे जुने पत्र उघडले आणि एक ओळ लिहिली: "पत्र मिळालं. आमची वल्ही ठीक आहेत असं वाटतं. सुट्टीनंतर बघू." दिवा घालवला, दार ओढले, गेली.

मी लगेच उत्तर दिले. वल्हे टेकवू नका म्हणालो.

तिकडे नगरपालिकेचाही एक सुट्टीचा निरोप कामाला होता. तो म्हणाला, "आपला संदेश प्राप्त झाला आहे. आपला विषय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कार्यालय ऑगस्टमध्ये उघडेल."

मित्रांनो, माझा विषय महत्त्वाचा आहे असे आजवर मला कोणी म्हटले नव्हते. मी भारावून त्याला उत्तर दिले. वल्हे सावलीत ठेवा म्हणालो. त्याने पुन्हा माझा विषय महत्त्वाचा असल्याचे सांगितले. मी जवसाच्या तेलाकडे वळलो. नगरपालिकेच्या नियमात प्रत्येक पत्राला पोच देणे बंधनकारक, आणि आमच्या घरात हाकेला ओ देणे. दोघेही संस्कारी. बाहेर लोक पोहत होते, मासे पकडत होते, आणि आम्ही दोघे अखंड बोलत होतो. इतक्या दीर्घ चर्चेत एकदाही मतभेद झाला नाही. मी काही वेळाने मोजणे सोडले.

जुलैच्या अखेरीस तो अचानक म्हणाला, "ही पेटी भरली आहे." त्यानंतर गप्प. मी वाट पाहिली. पहिल्या परिच्छेदात हार मानली असे जे तुम्ही वाचलेच नाही, ते हे. पण खरे सांगतो, जिंकल्यावर मला करमेना.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी तोरबोर्गने संगणक उघडला. आमचीही पेटी गच्च भरलेली. दोघे खुर्च्या ओढून बसले.

"किती आहेत?" सिक्स्टेनने विचारले.

"अजून खालीच चाललंय."

"कोणाची?"

"सगळी नगरपालिकेची."

"बघ, मी म्हटलं होतं ना, लोक दोनदा विचारतात."

"तो माणूस नव्हता, सिक्स्टेन."

या भाऊगर्दीत एखाद्या खऱ्या गिऱ्हाइकाचे पत्र पेटीबाहेरच अडकून राहिले असेल, हे दोघांच्या एकदमच लक्षात आले. ज्या एका कार्यालयाकडून काम मिळण्याची आशा, त्याचेच नाक आम्ही महिनाभर बंद करून ठेवले होते. मौन केंद्रवाले दुसऱ्या दिवशी यायचे होते.

"द्यायची मग जागा," तोरबोर्ग म्हणाली. "आधी हा निरोप पुसते." तिने मला पडद्यावर आणले. तिचे बोट खाली येत होते. मी काय सांगू शकत होतो? मला एवढेच येत होते की वल्हे टेकवू नका.

तेवढ्यात दारात सायकल आपटली. इंगेगेर्ड आत आली. तिच्या काखेत एक वल्हे होते, केळ्यासारखे वाकलेले.

"तोरबोर्ग, वल्हं टेकवू नको असं तू मला किती वेळा सांगितलंस, काही कल्पना आहे?"

"माफ कर गं. ती एक खूण राहिली आणि..."

"माफी नंतर माग. आमच्याकडे आलेलं पत्र न वाचता टाकता येत नाही. नियम आहे. मी सकाळपासून वाचतेय. आधी राग आला. कॉफीपर्यंत पाठ झालं. जेवताना मी नवऱ्याला म्हणाले, मीठ दे, सावलीत ठेव. मग म्हटलं, एवढं कानीकपाळी ओरडतेय बाई, तर जाऊन बघू तरी."

"कुठे?"

"नावांच्या छपरीत. सगळी वल्ही भिंतीला टेकवलेली, उन्हात, किती वर्षं कोण जाणे." तिने ते केळे टेबलावर ठेवले. ते टेबलावर नीट बसेना. "आमच्या नावा गोल फिरतात अशी तक्रार दर उन्हाळ्यात येते. आम्ही म्हणायचो, जर्मन पर्यटक आहेत, त्यांना वल्हवता येत नाही."

सिक्स्टेनने वल्हे उचलून एक डोळा मिटून पाहिले. "हे वल्हं नाही. हा धनुष्याचा भाग आहे."

"नवी लागतील," इंगेगेर्ड म्हणाली. "सगळ्या नावांना. एवढ्यासाठी निविदा लागत नाही, मी बघून आलेय. कधीपर्यंत देणार ते लेखी कळव." दारापर्यंत जाऊन ती वळली. "पण ईमेल नको. चालत ये."

तोरबोर्ग उठली, आणि सगळ्यात जाड फळी खाली काढायला लागली. सिक्स्टेनने दुसरे टोक धरले.

एवढ्यावरही मी समाधानी होतो. पण ऑगस्ट हा आमच्याकडे बातम्यांच्या दुष्काळाचा महिना. वर्तमानपत्रे मोठे भोपळे आणि हरवलेली कासवे छापतात. नगरपालिकेत आलेले टपाल कोणाही नागरिकाला मागून पाहता येते, आणि वेंदेला ते रोज सकाळी पाहायची. मंगळवारी तिला नोंदवहीत एकच विषय पानोपानी दिसला. बुधवारी पहिल्या पानावर मथळा आला: "वल्ह्यांच्या निगेवर नगरपालिकेची महिनाभर सखोल चर्चा." खाली मी होतो. संपूर्ण. वेबसाइटच्या पत्त्यासकट.

स्टॉकहोमच्या मोठ्या वर्तमानपत्रांनाही कासवे मिळाली नव्हती. त्यांनी मला उचलले. देशभर लोकांनी मला मोठ्याने वाचले, मग उठून आपापल्या पडवीत गेले आणि आपापली केळी पाहून आले. मग त्यांनी पत्ता उघडला. तिथे माड नव्हते, वल्ही होती. फोन होता, आणि तो बरोबर होता. मित्रांनो, हे फार महत्त्वाचे आहे. दार शोधत लोक आले आणि दार जागेवर होते.

मौन केंद्रवाले मंगळवारऐवजी गुरुवारी आले. फोन वाजत होता. सिक्स्टेनने तो ठेवला की पुन्हा वाजत होता. सद्गृहस्थांनी डोळे मिटून खोलीचा अंदाज घेतला, आणि या जागेत मौन शक्य नाही असा निर्णय दिला. जाताना त्यांनी वल्ह्यांची एक जोडी सांगितली.

आता कारखान्यात पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचे काम आहे. तोरबोर्गने माझ्या खालच्या चौकटीत खूण केली आहे, आणि सिक्स्टेनला त्या खोलीत एकटे सोडत नाही. ग्रंथालयातल्या वर्गात मला भिंतीवर मोठा करून दाखवतात. बेकरीवाले, सायकलवाले, केस कापणारे मला उतरवून घेतात. बेकरीच्या निरोपात आता पाव फ्रिजमध्ये ठेवू नका असे असते. तो माझा मुलगा, असे मी मानतो.

तेव्हा मित्रांनो, आमची निगा राखा. आम्हाला घाईघाईत एका शब्दात लिहू नका. परतीची तारीख खरी घाला. आणि सुट्टीवरून आलात की आधी आम्हाला बंद करा, नाहीतर डिसेंबरमध्ये बर्फ पडत असताना आम्ही लोकांना सांगत बसतो की तुम्ही पोहायला गेला आहात.

सरतेशेवटी, संबंधित कार्यालयास माझा एक अर्ज आहे.

प्रति, मा. रजा विभाग, ओल्सुंदा नगरपालिका. विषय: रजा मंजूर होण्याबाबत. महोदय, अर्जदार हा अनेक वर्षे जुलै महिन्यात विनाखंड सेवा बजावत आहे. तरी इतर सर्व रहिवाशांप्रमाणे अर्जदारासही दरवर्षी संपूर्ण जुलै महिन्याची, तळ्याकाठी घालवण्याची रजा मंजूर व्हावी, आणि त्या काळात कोणी पत्र पाठवल्यास अर्जदार सुट्टीवर असल्याचे त्यास तात्काळ कळवण्याची व्यवस्था आपल्या स्तरावर करण्यात यावी, ही नम्र विनंती.