बत्तिसाव्या दिवशीची बाटली

बाटलीच्या तळाशी पांढरी रेघ होती — नखाएवढी जाड, आणि तिच्यावर निवळ पाणी... इरावतीबाईंच्या हातातले फडके थांबले. गेला महिनाभर, सकाळी सहाला देवघराशेजारचे कपाट पुसताना, त्यांना ही रेघ दिसत आली होती. आणि औषधाची बाटली हलवावी तशी ती हलवून, पाणी पुन्हा दुधासारखे एकजीव करून, त्या ती जागेवर ठेवत आल्या होत्या. खाली बसलेले हलवायचे — त्यात विचार करण्यासारखे काय होते?

विचार आला तो काल जेवताना.

“भाऊ, एकतीस दिवस झाले, तळ बसला नाही!” सून, गार्गी, सासऱ्यांना सांगत होती. त्या पाण्यात डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक कण मिसळलेले; तेच ऊन, तीच काच, पण असे पाणी साध्या पाण्याहून अधिक उष्णता उचलते म्हणे. “सोमवारी गच्चीवरच्या सोलर हीटरच्या पॅनेलमध्ये हेच भरायचं.”

“आणि तळ बसला असता तर?”

“नळ्या तुंबल्या असत्या. तीन वर्षांच्या कामाची वाट लागली असती, भाऊ!”

कॉलेजात कुणीतरी धक्का लावते, घरात कोण हात लावणार — हेही ती भाऊंनाच म्हणाली होती. मला नाही. या घरातले कपाट कोण पुसते हे तिला ठाऊक नसावे... की ते ठाऊक करून घेण्याजोगे नसावे?

अठ्ठेचाळीस वर्षे यांच्या आंघोळीच्या पाण्यात विसण मी घातले. किती कढत, किती गार, हे माझ्या हाताला कळत असे. आणि यांनी एकदाही विचारले नाही, तुला गं कसे कळते? आता तेच भाऊ गुडघा दाबत दर तासाला मुलुंडच्या उन्हात गच्ची चढतात, सुनेच्या वहीत तिथल्या साध्या पाण्याचे तापमान टिपतात, आणि लाल झालेला, हसरा चेहरा घेऊन खाली येतात — तो चेहरा माझ्यासमोरून सरळ तिच्या टेबलाशी जातो.

हलवावी? हलवली तर सोमवारी नळ्या तुंबतील. न हलवावी, तर नऊ वाजता, रोजचा फोटो काढताना, गार्गीला कळेल... दोन्हींत तिची फजितीच होती. आणि ते उमगताच छातीत काहीतरी सुखावले, त्याची इरावतीबाईंना लाज वाटली नाही, नवल वाटले. त्यांनी बाटली तशीच ठेवली. खरेपणाने — निदान तसे त्यांनी स्वतःला सांगितले.

नऊला कपाट उघडले.

“भाऊ... तळ बसलाय.”

“अगं, काल तर नव्हता!” भाऊ चष्मा चाचपत उठले. “एका रात्रीत कसा बसेल?”

“रोजच बसत होता,” इरावतीबाई म्हणाल्या. “मी रोज हलवत होते.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“हलवू नको, असंही कुणी सांगितलं नव्हतं.”

गार्गीचे डोळे भरून आले. आता ती बोलेल, चिडेल, आणि मग मीही... पण तिने ओढणीने डोळे पुसले, स्टूल ओढले आणि वही उघडली.

“आई, बसा ना. पहिल्या सकाळी रेघ होती?”

“नव्हती. तिसऱ्या दिवशी आली. केसाएवढी.”

“नक्की तिसऱ्या?”

“गुरुवार होता. माझा उपास होता.”

“मी लिहून घेऊ का गं?” भाऊंनी विचारले.

“थांबा हो भाऊ, जरा.” तिने मानही वर केली नाही. भाऊ तसेच उभे राहिले, कान इकडे लावून, एखाद्या पाहुण्यासारखे. आणि इरावतीबाई मुद्दाम सावकाश बोलू लागल्या. पाचव्या दिवशी दोऱ्याएवढी. सहाव्या दिवशी तेवढीच...

“आणि आठव्या?”

आठवा दिवस आठवत नव्हता. ‘आठवत नाही’ हे शब्द त्यांनी या घरात कधी उच्चारले नव्हते; काहीही सांगितले असते तरी मुलीने ते लिहून घेतले असते. गार्गी पेन टेकवून वाट पाहत होती — आणि इतक्या वर्षांत प्रथमच इरावतीबाईंना, आपले उत्तर चुकेल, याची भीती वाटली.