चुकीचा सायलेन्सर

सळई आत खुळखुळली आणि मर्डोचा हात थांबला.

टेबलावरचा, रायफलीच्या तोंडावर बसवायचा सायलेन्सर दोनशे त्रेचाळीस मापाच्या काडतुसाचा असायला हवा होता. त्या मापाची बारीक सळई त्यातून नेमकी सरकायला हवी, खुळखुळता कामा नये. त्याने खणातून तीनशे आठची जाड सळई काढली. ती अलगद आरपार गेली.

म्हणजे तासाभरापूर्वी त्याचं जुनं गिऱ्हाईक नायरी घेऊन गेली तो बारीक भोकाचा होता. आणि तिची रायफल तीनशे आठची.

मर्डो गेडीज छत्तीस वर्षं या गावात बंदुका दुरुस्त करत होता. सायलेन्सर न्यायला आलेल्या प्रत्येकाला तो बजावायचा, "मोठ्या भोकातून बारीक गोळी जाईल, बारीक भोकातून मोठी कधीच नाही. आटे जुळले म्हणजे माप जुळलं असं समजू नका." या दोन नळकांड्यांचे आटे सारखेच होते. रंग काळा, लांबीही तीच. सकाळी त्याने नायरीच्या रायफलीवर तिच्या मापाचाच चढवला होता, नळीतून सळई घालून रेषेत आहे की नाही तेही पाहिलं होतं. मग पुसायला उतरवला, दुसऱ्याशेजारी ठेवला आणि पिशवीत भरताना बुडावरचा आकडा वाचला. वाचल्यासारखं केलं, इतकंच. गेल्या हिवाळ्यापासून तो जिथे नजर रोखी, तिथेच नेमका एक राखाडी डाग येई. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याने नायरीला फोन लावला. लागला नाही. पुलापलीकडे रेंज नसतेच.

"इझोबेल! गाडी काढ!"

त्याची बायको पिठाच्या हातांनी दारात आली. "अरे, स्कोन भट्टीत आहेत."

"जळू देत. नायरीला चुकीचा सायलेन्सर दिलाय मी. ती मकॉलेंच्या रानात हरणं मारायला गेलीय."

इझोबेलने पुढे काही विचारलं नाही. हात झग्याला पुसत तिने किल्ली घेतली.

खोऱ्यातला रस्ता खडीचा होता. मर्डो दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरून बसला होता. गोळी सायलेन्सरच्या आतल्या पडद्यावर धडकणार, नळकांडं फाटणार, आणि नायरीचा चेहरा तिथून हातभर अंतरावर. तिचा डावा हात तर त्याहून जवळ. त्याला तिची बोटं दिसत राहिली. काउंटरवर ती बोटांनी ताल धरायची.

"तू तर दोनदा तपासतोस," इझोबेल म्हणाली. "मग झालं कसं?"

"जोरात चालव."

"मर्डो, मी विचारतेय."

"घाईत झालं," तो म्हणाला. घाई कसली? सकाळपासून दुकानात दुसरं कुणी आलंच नव्हतं.

फाटकापाशी नायरीचा पिकअप उभा होता, रिकामा. इझोबेलने हॉर्न दाबून धरला. वाऱ्यात तो कुठवर जाणार? दोघं मेंढ्यांच्या वाटेने चढू लागले. मर्डो धापा टाकत ओरडत होता, "नायरी! झाडू नकोस! नायरी!"

तेवढ्यात वरच्या कड्यामागून बार झाला. मोठा, मोकळा, डोंगराडोंगरावर आपटत गेलेला. सायलेन्सर लावलेली रायफल असा आवाज करत नाही. फुटलेला सायलेन्सरच करील.

मर्डो मटकन खाली बसला. इझोबेलने त्याच्या बगलेत हात घालून त्याला उठवलं. "ऊठ. आधी बघू तर."

कड्यापलीकडे गवतात नायरी पाएवाई उकिडवी बसली होती. पुढे पडलेल्या हरिणीच्या मानेवर तिचा हात होता. दोन्ही हात धड होते. रायफलीच्या तोंडावर सायलेन्सर नव्हता.

"काय रे म्हाताऱ्या?" ती म्हणाली. "बोंबलून सगळा कळप पळवलास माझा. एक मिळाली, तीही नशिबाने."

"सायलेन्सर," मर्डो एवढंच बोलू शकला.

"काढला. चढवला, रायफलीचा बोल्ट काढून नळीतून मागून पाहिलं, तर उजेडाचं वर्तुळ नळीपेक्षा लहान दिसलं. म्हटलं, हे काही माझं नाही." तिने खिशातून तो काढून दिला. "कुणा दुसऱ्या गिऱ्हाइकाने उचकपाचक केली असेल तुझ्या टेबलावर. चालायचंच."

सुटायची वाट सोपी होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. इझोबेल त्याच्याकडे बघत होती.

"कुणी उचकपाचक केली नाही," मर्डो म्हणाला. "मला आकडा दिसला नाही. हिवाळ्यापासून नीट दिसतच नाही मला."

 नायरीने रायफलीच्या नळीत मागून डोकावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. 

"मी नेहमी नाही बघत रे," ती हळूच म्हणाली. "तू दिलेला असला तर कधीच नाही बघत. आज नळीत काडी गेल्यासारखं वाटलं, म्हणून."

 परतताना पुलाशी आल्यावर इझोबेल म्हणाली, "हिवाळ्यापासून किती जणांना दिलेस?"

"एकोणीस."

पोचल्याबरोबर तो फोनपाशी बसला. ती नंबर वाचायची, तो फिरवायचा. "मर्डो बोलतोय. माझा सायलेन्सर लावून एकही गोळी झाडू नका. रायफल घेऊन या. चूक माझी आहे." सतराव्या फोनला कुणी उत्तर दिलं नाही. तो माणूस दक्षिणेला शिकारीला गेला होता. दोन दिवस मर्डो तोच नंबर फिरवत राहिला. तिसऱ्या दिवशी माणूस स्वतःच दारात उभा राहिला, धडधाकट.

आठवडाभर लोक येत राहिले. इझोबेल आकडे मोठ्याने वाचायची, मर्डो बोटांनी चाचपून सळई घालायचा. बाकी सगळे बरोबर निघाले. शेवटी आला तो डगल्ड स्प्रोट, टर्निपची शेती करणारा.

"झालं ना? मग आता माझ्या नव्या रायफलीला सायलेन्सरसाठी आटे पाडून दे."

मर्डोने ती हातात घेतली, तिच्या लाकडावरून तळवा फिरवला आणि परत दिली.

"गोअर गावात लकलन पेटी नावाचा माणूस आहे," तो म्हणाला. "चांगला कारागीर आहे. नाव लिहून घे." आणि डगल्डला एकेक अक्षर नीट लिहिता यावं म्हणून, त्याने ते नाव सावकाश, दोनदा सांगितलं.